शाडूतले रेंजिओमॉर्फ, अपडेट ३: चार्निया परत मोडला

गणपतीतली दोन-अडीच किलो शाडू उरली होती, त्यातून तिसरा चार्निया केला (चार्निया म्हणजे रेंजिओमॉर्फ या गटातला, पानासारखा दिसणारा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्री जीव, आता फक्त जीवाश्मांत सापडतो) आणि तोही वाळताना उभा तडकला. तडा गेला नेमका मधल्या दांडीवरून, आणि तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली की अरे, चार्नियाला मधली दांडी असतेच कुठे! डाव्या-उजव्या फांद्या समोरासमोर नाहीत, एकाआड एक आहेत, त्या जिथे भेटतात तिथे नुसती नागमोडी रेघ दिसते. मी आपला नेच्याचं पान डोळ्यासमोर ठेवून तीनदा शीर घालत बसलेलो.

तसं बाहेरच्या आकाराला भुलणारा मी पहिला नाही. १९५७ मध्ये रॉजर मेसन या शाळकरी पोराला इंग्लंडातल्या चार्नवुडमध्ये खडकावर चार्नियाचा ठसा दिसला (टीना नेगसला वर्षभर आधीच दिसलेला, पण तिचं कुणी मनावर घेतलं नाही), १९५८ मध्ये भूवैज्ञानिक ट्रेव्हर फोर्डने नाव दिलं तेव्हा ते शेवाळ वाटलेलं. मग बरीच वर्षं सी-पेनचा (पिसासारखा दिसणारा, प्रवाळांच्या नात्यातला समुद्री प्राणी) नातेवाईक समजले. पण सी-पेन नवीन भाग बुडाकडे वाढवतो आणि चार्निया शेंड्याकडे, त्यामुळे ते नातं तुटलं.

मग गट कशावरून पाडायचे? फांदीवरून. मोठ्या फांदीवर छोटी फांदी, तिच्यावर अजून छोटी, सगळ्यांची घडण तीच, अशी फांदी असली की तो रेंजिओमॉर्फ. ब्रॅडगॅशिया गड्ड्यासारखा, फ्रॅक्टोफ्युसस चातीसारखा, देठबिठ काही नाही, समुद्रतळावर आडवा पडलेला, तरी फांदी तीच म्हणून दोघंही रेंजिओमॉर्फ. उलट चार्नियोडिस्कस लांबून चार्नियासारखाच दिसतो पण फांद्यांची ती घडण नाही, म्हणून तो आर्बोरिओमॉर्फ या वेगळ्या गटात. (फ्रॅक्टोफ्युसस मिस्राय मधले मिस्रा आपल्याकडचेच बरं का, शिव बालक मिश्रा, १९६७ मध्ये कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला शिकताना तिथल्या मिस्टेकन पॉइंट या किनाऱ्यावरचे जीवाश्म त्यांना सापडले.)

आता खरी डोकेदुखी. २०१२ मध्ये ब्रेझियर या जीवाश्मतज्ज्ञाने आणि मंडळींनी गट पाडायची जी पद्धत मांडली त्यात फांदी रोटेटेड की डिस्प्लेड, म्हणजे उपफांद्यांची एकच ओळ दिसते की दोन्ही, आणि कडा आत दुमडलेल्या की मोकळ्या, हे बघतात. चार्निया रोटेटेड, कडा दुमडलेल्या. अॅव्हलोफ्रॅक्टस हा दुसरा रेंजिओमॉर्फ डिस्प्लेड, कडा मोकळ्या. वाचायला सोपं. मी चौथा चार्निया (दांडीशिवाय!) ओल्या शाडूत दाबून प्लास्टरचा ठसा काढला आणि अंधारात मोबाईलचा टॉर्च एका बाजूने लावला तर दुमड मस्त दिसली, पण टॉर्च फिरवून उजेड फांदीच्या रेषेतच आणला तर दुमड गायब, तोच ठसा मोकळ्या कडांचा वाटायला लागला. बायकोला दोन्ही फोटो दाखवले तर म्हणाली दोन वेगवेगळी पानं आहेत ना ही. म्हणून आता एकाच फोटोवरून काही ठरवायचं मी सोडलंय, चारही बाजूंनी उजेड टाकून चार फोटो काढतो.

चौथा अजून तडकलेला नाही. पंख्याखाली न ठेवता ओल्या फडक्याखाली ठेवलाय. तो टिकला की ब्रॅडगॅशिया घेतो, पण शाडू पुरेल असं वाटत नाही, कुणाकडे उरली असेल तर सांगा.