तुम्ही विचारलंत म्हणून: जिथे जीवच नाही अशी जागा

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते म्हटलं की लोक दोन प्रश्न विचारतात. एक विरजणाचा, तो राहू दे. दुसरा हा: ‘‘मॅडम, पृथ्वीवर जीव नाहीच अशी जागा आहे का हो?’’

आहे. पण सहसा मनात येतात त्या जागा नाहीत. लोणारचंच घ्या. 2020च्या जूनमध्ये तिथलं खारट, अल्कधर्मी पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले, तर रंग हॅलोआर्किया या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा निघाला. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांचं फावलं!

उष्णतेचं म्हणाल, तर आमच्या ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटं वाफ दिली की सगळं निर्जंतुक झालं असं आम्ही धरतो. 2003मध्ये प्रशांत महासागराच्या तळाचा एक जीव त्याच तापमानाला चक्क वाढताना दिसला. 2008मध्ये जपानी संशोधकांनी हिंदी महासागराच्या तळातला मिथॅनोपायरस हा सूक्ष्मजीव 122 अंशांवर वाढवून दाखवला. तिथे दाबच इतका, की पाणी उकळत नाही. खरी मेख ती. लाव्हारसात काही जगत नाही, ते उघडच आहे. पण पाणी द्रव असेल तर जीव बरंच सोसतो.

तरीही नुसतं पाणी असून भागत नाही, ते पेशीच्या वाट्याला यावं लागतं. लोणच्याला खार सुटलेला असतो, तरी ते वर्षभर टिकतं, कारण मिठानं ते पाणी धरून ठेवलेलं असतं. इथिओपियातल्या डालोलला हीच गोष्ट टोकाला गेलीय. समुद्रसपाटीहून शंभरेक मीटर खाली हिरवी-पिवळी डबकी आहेत, मिठानं संपृक्त आणि काहींचा सामू (पीएच) शून्याच्याही खाली, म्हणजे जहाल आम्लच. जवळच मॅग्नेशियमच्या क्षारांनी भरलेली तळीही आहेत. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पुरिफिकासिओन लोपेझ-गार्सिया यांच्या चमूनं 2019मध्ये जाहीर केलं, की या पाण्यात जिवंत काही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींसारखे दिसणारे कण सिलिकाचे होते आणि डीएनएचे जे माग मिळाले ते बहुधा बाहेरून आलेले.

त्याच वर्षी दुसऱ्या एका चमूनं डालोलच्याच मिठात अतिसूक्ष्म जीव सापडल्याचं सांगितलं होतं. मला लोपेझ-गार्सियांच्या चमूचं जास्त पटतं. त्यांनी एकाच चाचणीवर विसंबून न राहता जीव वाढतात का ते पाहिलं, पेशी मोजून पाहिल्या, डीएनएही तपासला. शिवाय जवळच्याच साध्या मिठाच्या पाण्यात त्याच पद्धतींनी त्यांना आर्किया (बॅक्टेरियांसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) सापडले, तेही भरपूर.