तुम्ही विचारलंत म्हणून: तो ड्रॅगन अजून मारला का नाही

स्टाफरूममध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, कानबाईच्या रोटांना जमलेल्या नणंदांनीही विचारलं. शब्द वेगळे, प्रश्न तोच. "चारशे तास झाले म्हणे तुमचे त्या गेमात. अजून संपला नाही? असं आहे तरी काय त्यात?" आजवर मी "टाइमपास हो" म्हणून विषय बदलत आले. पण चारशे तासांना टाइमपास म्हणणं म्हणजे शुद्ध थाप, आणि मी पडले गणिताची बाई. तेव्हा एकदा नीटच सांगते.

गेमचं नाव स्कायरिम. बेथेस्डा नावाच्या अमेरिकन कंपनीने तो ११ नोव्हेंबर २०११ ला बाजारात आणला. माझ्याकडे आला फार उशिरा. भाचा शिकायला पुण्याला गेला, जाताना जुना लॅपटॉप "आत्या, तुला मार्कलिस्टा करायला होईल" म्हणून ठेवून गेला, त्यात होता.

आम्ही भुसावळला राहतो. हे मालगाडीवर लोको पायलट. लॉबीतून, म्हणजे ड्यूटी लावणाऱ्या रेल्वेच्या ऑफिसातून, कॉल कधीही येतो. रात्री एकला आला तर तीनला ड्यूटीवर हजर व्हायचं. मी उठते, पोळ्या लाटते, वांग्याची सुकी भाजी, ठेचा, डबा भरते. हे निघाले की घर गप्प होतं आणि माझी झोप उडालेली असते. एप्रिलात सकाळची शाळा, म्हणजे पुन्हा पडण्यातही अर्थ नाही. अशाच एका रात्री, कूलरमधल्या ओल्या गवताचा वास खोलीभर पसरलेला, मी तो लॅपटॉप उघडला.

पडद्यावर थंडगार डोंगरातला रस्ता, एक घोडागाडी, गाडीत हात बांधलेले चार कैदी. त्यातली एक मी. शिरच्छेदाला चाललेली. तिथे गेल्यावर एक शिपाई वही उघडून विचारतो, तू कोण? आणि तेव्हा तुम्ही ठरवायचं: नाव, चेहरा, जात-वंश, सगळं. (आपल्याकडे हे आधीच ठरलेलं असतं आणि वहीही दुसऱ्याकडेच असते.) मान ओंडक्यावर ठेवली जाते तेवढ्यात ड्रॅगन येतो, गाव पेटतं, गोंधळात आपण निसटतो. रिव्हरवुड नावाच्या छोट्या गावात आसरा मिळतो, आणि तिथली माणसं विनवतात, की व्हाइटरनच्या सरदाराकडे जा आणि सांग, ड्रॅगन आलाय, आमच्या गावाला शिपाई पाठव.

हा निरोप मी अडीच महिने दिला नाही.

दुष्टपणा म्हणून नव्हे. निघाले होतेच. पण वाटेत नदी लागली, काठाला एक झुडूप मंद उजेड देत गुणगुणत होतं. खरंच, त्याचा आवाज येतो, आधी आवाज ऐकायचा आणि मग शोधायचं. त्याच्यामागे गेले तर पुढे एक पडकी गढी, गढीतून दिसला डोंगर. रिव्हरवुडला परत येऊन लाकडं फोडली, गिरणीवाल्याला विकली. निळी रानफुलं खुडली. ही फुलं आणि गव्हाच्या ओंब्या एकत्र केल्या तर जखम भरून येण्याचं औषध होतं, हे कोणी शिकवलं नाही, एकेक जिन्नस चाखत आणि मिसळत कळलं. अडीच महिन्यांनी ओशाळून भाच्याला फोन केला, की अरे, त्या गावावर ड्रॅगन आला असेल का एव्हाना? तो हसत सुटला. "आत्या, तू निरोप देऊन पहिला ड्रॅगन मारेपर्यंत दुसरा ड्रॅगन येतच नाही!"

तर, माझं उत्तर हे आहे. त्या जगात घड्याळ आहे. आपल्या बहात्तर मिनिटांत तिथला एक दिवस होतो, दुकानं सकाळी उघडतात, रात्री कुलूप लागतं, माणसं झोपायला घरी जातात. पण गोष्ट त्या घड्याळाला बांधलेली नाही, ती माझ्या पावलांना बांधलेली आहे. मी पुढे सरकले तर ती सरकते. मी फुलं खुडत बसले तर जग बुडवायला निघालेला ड्रॅगनसुद्धा खोळंबून राहतो. जाणकार लोक याला दोष म्हणतात. एकीकडे प्रलय आणि दुसरीकडे ही बाई कोबी तोडतेय, हे पटत नाही त्यांना. बरोबर आहे त्यांचं. पण ज्या गावात मुंबईकडून आलेला लोहमार्ग फुटून एक फाटा नागपूरकडे आणि एक इटारसीकडे जातो, जिथे घराघरात गाडीच्या वेळेवर भाकरी थापली जाते, तिथे चाळीस वर्षं काढलेल्या बाईला विचारा, आपल्यासाठी काहीतरी थांबून राहणं म्हणजे काय ते. माझ्यासाठी आजवर गाडी थांबली नाही, कुकरची शिट्टी थांबली नाही, पोरांचा ताप थांबला नाही.

भाच्याने मग दुसराही एक गेम आणून दिला, २०१५ चा, पोलंडमध्ये बनलेला, द विचर ३. "आत्या, हा त्याहून भारी आहे," म्हणाला. आणि आहेच. माणसं जिवंत वाटतात, संवाद कसदार, चेहऱ्यांवर दुःख दिसतं. स्कायरिममधले पहारेकरी त्यापुढे पोपट. जो तो गुडघ्यात लागलेल्या बाणाचं रडगाणं सांगतो. पण विचरमध्ये आपण आधीच कोणीतरी असतो, पांढऱ्या केसांचा गेराल्ट, आणि त्याची मुलीसारखी वाढवलेली सिरी हरवलेली असते. लेक हरवली असताना मी फुलं कशी खुडू? आठ दिवस जिवाला घोर लावून घेतला आणि बंद केला. उत्तम गेम आहे, पण पहाटे साडेतीनला मला आणखी एक काळजी नको होती.

रात्रीचं चालणं हेही एक आहेच. तिथे अंधारात, आकाशात हिरवे पडदे हलत असताना, मी एकटी मैलोनमैल चालते. लांडगा येतो, दरोडेखोर येतो, पण "एवढ्या रात्री कुठे चालली?" असं कोणी विचारत नाही. एकदा गेलेल्या ठिकाणी नकाशावर बोट ठेवून क्षणात पोचता येतं, व्हाइटरनच्या वेशीवर आपल्या काळीपिवळीसारखी भाड्याची गाडीही उभी असते. मी दोन्ही वापरत नाही.

आता सासूबाईंचं सांगायलाच हवं. त्यांनाही कॉलची रिंग झाली की जाग येते. पहिले काही दिवस त्या कुशीवर वळून पडून राहायच्या. मग एक दिवस उठून शेजारी खुर्ची ओढली. "काय करू राह्यली ओ माय? त्या डब्यात येवढं हाये तरी काय?" इंग्रजी त्यांना येत नाही, मी बोलणं सांगत जाते. लढाया त्यांना आवडत नाहीत. औषध करणं आवडतं. गव्हाच्या ओंब्या बघून म्हणाल्या, "याचा काढा कुठी करता का कधी?"

आयव्हरस्टेड नावाच्या गावात क्लिमेक म्हणून एक माणूस आहे. डोंगरमाथ्यावर हाय ह्रोथगार हा मठ, वर साधू राहतात, आणि त्यांचा शिधा हा पोचवतो. त्याने मला सांगितलं, पाय आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, एवढी पिशवी वर नेऊन देशील का? मी पिशवी घेतली आणि सवयीने भलतीकडेच निघाले. सासूबाईंनी मात्र ते धरून ठेवलं, त्यांचे स्वतःचे गुडघे गेलेत. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना विचारलं, "त्या बिचाऱ्याची पिशवी पोचवली का?" तिसऱ्या दिवशी पुन्हा. महिनाभर रोज. ड्रॅगनबद्दल अवाक्षर नाही.

शेवटी गेल्या आठवड्यात चढले. सात हजार पायऱ्या म्हणतात, मोजायला गेलात तर तेवढ्या नाहीत, पण वारा आणि बर्फ असं काही आहे की बाहेर उकाडा असून सासूबाईंनी पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. अर्ध्या वाटेवर तीन डोळ्यांचा पांढरा राक्षस आडवा आला. दोनदा मेले. तिसऱ्यांदा लढलेच नाही, सरळ पळत सुटले, आणि सासूबाई खुर्चीतून "पळ, पळ माय" करत होत्या. वर मठाच्या पायऱ्यांशी एक पेटी असते, तिच्यात पिशवी ठेवली. बाहेर पहाटेची कुठलीशी गाडी यार्डात शिरत होती.

मी लॅपटॉप मिटायला लागले तर म्हणाल्या, "थांब. खाली जाऊन त्याला सांगून ये आधी. तो वाट पाहत असेल."