मारुतीवरचा साज : सातव्या महिन्याची नोंद

मागील नोंदीत माझ्या मारुतीच्या बॉनेटवर हाताने रंगवलेली नक्षी पूर्ण झाल्याचे कळवले होते. ती नक्षी या महिन्यात मी स्वतःच्या हाताने घासून काढली. त्यामागे दोन कारणे होती, एक रंगाचे आणि दुसरे लोकांचे, आणि हाताने गाडी रंगवणाऱ्या कोणालाही ती उपयोगी पडतील म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी रंगाचे कारण. माझी गाडी म्हणजे १९९८ सालची पांढरी मारुती ८००, आणि तिच्यावरचे सारे काम मी एनॅमल ऑईल पेंटने आणि ब्रशने करते. बॉनेटवरची लाटा-फुलांची नक्षी पाचव्या दिवशी हाताला कोरडी लागली, म्हणून मी उद्यमनगरातून क्लिअर, म्हणजे रंगावर द्यायचे पारदर्शक वॉर्निश, आणि ते कडक करणारे हार्डनर आणून त्याचा हात मारून घेतला. अर्ध्या तासात सगळ्या फुलांवर दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या उमटल्या. एनॅमलमधला थिनर लवकर उडून जातो, पण त्यानंतर तो रंग हवेतला ऑक्सिजन घेत आठवडेच्या आठवडे आतून घट्ट होत राहतो. वरून कोरडा वाटणारा थर खाली मऊच असतो, आणि क्लिअरमधला तीव्र थिनर त्या मऊ थरात शिरून त्याला उचलतो. चूक सर्वस्वी माझ्या घाईची होती. आता भंगारातून आणलेल्या एका मडगार्डवर प्रत्येक रंग, प्रत्येक वॉर्निश आधी लावून पाहायचे, सहा आठवडे थांबायचे, कोपऱ्यात नख दाबून खूण उमटत नाही याची खात्री करायची आणि मगच वरचा हात द्यायचा, असे ठरवले आहे. हार्डनरचे क्लिअर मात्र या गाडीवर पुन्हा वापरणार नाही.

अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू एम१ ही गाडी २८ मिनिटांत ब्रशने रंगवली आणि ती त्याच वर्षी फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत धावून सहावी आली, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्या गाडीवरचे ब्रशचे फटकारे मला फार आवडतात. परंतु तो वेग आपण गिरवायला जाऊ नये, कारण आपल्या गाड्यांना कोल्हापूरचे चैत्र-वैशाखाचे ऊन आणि त्यामागून येणारा चार महिन्यांचा पाऊस वर्षानुवर्षे सोसायचा असतो.

आता लोकांचे कारण, जे मला अधिक महत्त्वाचे वाटते. लाटा-फुले असताना गाडी जिथे उभी करावी तिथे एकच प्रश्न येई : "ही कशाची जाहिरात आहे?" गंगावेशीत एकाने ते नव्या साडी दुकानाचे काम समजून पत्ता विचारला, आमच्या कॉलनीतल्या एका काकांनी "चांगल्या गाडीचं वाटोळं केलंत, आता विकणार कशी?" असे कळकळीने सांगितले. कोणी वाईट बोलत नव्हते, पण त्या नक्षीत आपले असे काही कोणालाच सापडत नव्हते. म्हणून बॉनेट घासून काढावे लागलेच आहे, तर तिथे कोल्हापुरी साज, म्हणजे पाना-मण्यांचा आपला गळ्यातला दागिना, काढावा, असे मी ठरवले.

पत्रा चारशे आणि मग आठशे नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी घालून घासला, प्रायमर दिला, कागदावर आकृती काढून रेषांवर सुईने भोके पाडली आणि त्यावरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी आपटून खुणा उतरवल्या. रेषा मात्र थरथरत होत्या. पापाच्या तिकटीजवळ भेटलेल्या, एकेकाळी सिनेमाची पोस्टर्स आणि ट्रकच्या फळ्या रंगवणाऱ्या एका वृद्ध पेंटरांनी गाडीकडे बराच वेळ पाहून सांगितले, "पोरी, मनगटानं न्हवं, खांद्यानं वड." ब्रश रंगात भिजवून पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंनी चपटा करायचा आणि श्वास रोखून एका दमात ओढायचे, हे त्यांनी माझ्याच ब्रशने करून दाखवले. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले, त्या गावात हा हात अजून शिल्लक आहे, हे पाहून मला भरून आले.

साज वाळल्यावर पहिल्याच रविवारी कपिलतीर्थ मंडईजवळ गाडी उभी होती. भाजीची पिशवी खाली ठेवून एक आजी बॉनेटवर बोट फिरवत मोजू लागल्या. मासा, कासव, चंद्र, बेलपान, शंख, नाग, कारले, भुंगा, असे प्रत्येक पान त्या नावाने ओळखत होत्या. शेवटी म्हणाल्या, "साजाला एकवीस पानं असत्यात बाळ. तुझी एकोणीसच हाईत. दोन मोडून खाल्लीस व्हय?" तोवर भोवती चार-पाच जणी जमल्या होत्या, आणि जवमणी दोन पानांच्या मध्ये किती असावेत यावर त्यांचा वाद रंगला. त्या अर्ध्या तासात जाहिरातीचा प्रश्न कोणीही विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी गुजरीत जाऊन एका सराफांकडे खरा साज पाहिला, वहीत उतरवून घेतला आणि उरलेली दोन पाने दोन बाजूंना बसवली. त्यासाठी चंद्र आणि बेलपान थोडे आत सरकवावे लागले, आणि जवळून पाहणाऱ्याला तिथला जुना रंग किंचित जाणवतो. तो मी झाकणार नाही.

डाव्या दरवाजावर बेंदराचा, म्हणजे बैलांच्या सणाचा, बैल येणार आहे, हिंगूळ लावलेल्या शिंगांचा आणि झुलीचा, मागे उसाचा फड. फडाचा हिरवा मिसळताना एक पथ्य पाळत आहे : लष्करी वाहनांचा ऑलिव्ह ग्रीन खासगी गाडीवर चालत नाही, त्यामुळे माझा हिरवा पोपटीकडे झुकता ठेवला आहे. त्याचप्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रात गाडीचा रंग लिहिलेला असतो आणि त्यातील तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार करता येत नाहीत, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ब्रश हाती घेण्याआधी परिवहन कार्यालयात जाऊन रीतसर विचारून घ्यावे. नंबर प्लेट, दिवे आणि काचा यांना मी हात लावलेला नाही.

शिंगांचा लाल उन्हात किती टिकतो हे पाहण्यासाठी तीन वेगवेगळे लाल त्या भंगारातल्या मडगार्डवर ओढून ते गच्चीवर ठेवले आहे. अर्धा भाग पत्र्याने झाकला आहे, म्हणजे फरक समोरासमोर दिसेल. दमट हवेत एनॅमलची चकाकी मरते, त्यामुळे बैल दसऱ्यानंतरच सुरू होईल. मंडईतल्या आजी पुढच्या रविवारी पुन्हा भेटल्या, त्यांनी पाने पहिल्यापासून मोजली, आणि एकविसाव्या पानावर बोट टेकवून नुसती मान डोलावली.