आमची वाटचाल : जुन्या फायबरच्या होड्यांच्या पोटातले काम

मालवण तालुक्यात खाडीच्या काठाला आमची होडी दुरुस्तीची शेड आहे. आमच्या घरात होडीबांधणीचे सुतारकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. वडील आणि काका साग, ऐन, उंडी अशा लाकडातून होड्या बांधत, फळ्यांचे सांधे कापसाने ठासून बुजवत आणि मोरीच्या (शार्क माशाच्या) तेलाचा हात देऊन होडी पाण्यात लोटत. पुढे चांगले लाकूड महागले, वाकांसाठी, म्हणजे होडीच्या आतल्या फासळ्यांसाठी, लागणारे नैसर्गिक बाकाचे ओंडके मिळेनासे झाले आणि किनाऱ्यावर आउटबोर्ड इंजिनांबरोबर फायबरच्या होड्या दिसू लागल्या. घरातल्या हत्यारांना काम उरणार नाही, अशी भीती तेव्हा आम्हां सर्वांनाच वाटली होती. प्रत्यक्षात त्याच फायबरच्या होड्यांनी आमचा आजचा व्यवसाय उभा केला, कारण त्यांच्या पोटातही लाकूडच होते.

‘फायबर कुजत नाही’ हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तोंडी असते आणि ते अर्धेच खरे आहे. काचेच्या तंतूंचे कापड आणि रेझिन (वाळून कडक होणारा चिकट द्रव) यांचे थर कुजत नाहीत. मात्र नाळेपासून (पुढच्या टोकापासून) ट्रान्समपर्यंत (मागच्या सपाट फळीपर्यंत) तळाला आतून चिकटवलेले जे उभे पट्टे धावतात, ज्यांना आम्ही सगळेच स्ट्रिंगर म्हणतो, ते जुन्या होड्यांत बहुधा प्लायवूडचे किंवा साध्या फळीचे असून त्यांच्यावर फायबरचे आवरण चढवलेले असते. लाकडी होडीत पठाण (तळाचा मुख्य कणा) आणि वाक मिळून जो भार पेलतात, त्यातला बराचसा भार इथे स्ट्रिंगरवर येतो. तळाचे फायबर जेमतेम ८ ते १० मिलिमीटर जाडीचे असते. स्ट्रिंगरचा आधार गेला की प्रत्येक लाटेगणिक ते आतबाहेर लवते, लवून लवून त्याचे थर सुटू लागतात आणि मग होडी बाहेरून चकचकीत दिसत असली तरी आतून मोडत आलेली असते.

स्ट्रिंगरमध्ये पाणी शिरते कुठून, हे समजून घेतल्याशिवाय दुरुस्ती टिकत नाही. डेकवर आसने, खुंट्या, इंधनाच्या टाकीचे पट्टे बसवताना स्क्रू सरळ स्ट्रिंगरच्या माथ्यात मारलेले असतात. तळाचे पाणी मागे वाहून जावे म्हणून स्ट्रिंगरला खालच्या बाजूने भोके ठेवलेली असतात आणि त्या भोकांच्या कडा पुष्कळदा उघड्याच राहिलेल्या असतात. आमच्या अनुभवात समुद्राचे खारे पाणी लाकडाचे त्या मानाने कमी नुकसान करते, कारण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. खरा घात पावसाचे गोडे पाणी करते. आमच्या जिल्ह्यात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि नेमक्या त्याच काळात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. ताडपत्री सैल बांधलेली असेल, नाळ उंच केलेली नसेल, मागचे बूच बसवलेलेच राहिले असेल, तर पावसाळाभर पोटात गोडे पाणी साचून राहते. होडी समुद्रात कुजत नाही, ती अंगणात कुजते, हे आम्ही प्रत्येक मालकाला आवर्जून सांगतो.

सुरुवातीची काही वर्षे आमच्याकडे येणारे काम ठिगळांचे होते. तडा गेला की वरून मॅटचे (काचेच्या तुटक तंतूंच्या चादरीचे) दोन थर, त्यावर रंग आणि होडी परत पाण्यात, अशी रीत सगळीकडे रूढ होती, आणि हंगाम चालू असताना मालकाची निकडही तशीच असे. परंतु तीच होडी वर्ष-दोन वर्षांत त्याच जागी तडकून परत येते, हे पाहिल्यावर आम्ही एक नियम ठरवला: तडा कशामुळे पडला हे कळल्याशिवाय त्यावर थर चढवायचा नाही. या नियमामुळे काही गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. जी राहिली, त्यांनीच पुढे वेंगुर्ले, देवगड आणि गोव्याच्या बाजूच्या मालकांना आमचा पत्ता दिला.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते एका होडीवरून सांगतो. देवबाग-तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांना फिरवणारी, सुमारे २८ फुटांची, दोन दशकांहून अधिक वापरलेली ती होडी होती. वेग घेतला की पायाखालचा डेक थरथरतो, होडी पूर्वीपेक्षा जड झाली आहे आणि मागून खोल बसते, अशी मालकांची तक्रार होती. टू-स्ट्रोक इंजिन काढून त्यांनी जास्त ताकदीचे फोर-स्ट्रोक इंजिन बसवले होते आणि सगळा दोष ते त्याच्या वजनाला देत होते. वजनाचा वाटा होताच, पण आम्ही आधी छोटी हातोडी घेऊन तळ वाजवून पाहिला. धड फायबर टणटणीत वाजते, थर सुटलेली किंवा आत भिजलेली जागा बद्द वाजते. नारळ वाजवून पारखणाऱ्या कोकणी माणसाला हा फरक वेगळा शिकवावा लागत नाही. नाळेकडचा भाग खणखणीत होता आणि मधल्या आसनापासून मागे आवाज बद्द होत गेला. मग स्ट्रिंगरच्या बाजूला आतून ६ मिलिमीटरच्या ड्रिलने भोके घेतली. पुढच्या भोकांतून कोरडा, फिकट भुसा आला. मागच्या भोकांतून काळपट, ओला लगदा ड्रिलला गुंडाळून बाहेर आला आणि एका भोकातून तर पाण्याची धारच लागली. मालक शेजारी उभे होते. त्यानंतर इंजिनाचा विषय त्यांनी काढला नाही.

अशी होडी उघडण्यापूर्वी तिला नीट बसवणे हेच निम्मे काम असते. तळाचा आधार काढल्यावर फायबर आपल्याच वजनाने लवते, आणि त्या अवस्थेत नवे स्ट्रिंगर बसले तर होडीचा बाक कायमचा बिघडतो व ती पाण्यात एका अंगाला ओढू लागते. म्हणून पठाणाखाली आणि दोन्ही कुशींना तळाच्या आकाराप्रमाणे कापलेल्या लाकडी बैठका देऊन, मधोमध दोरी ताणून, ती होडी सर्व बाजूंनी पातळीत आणली. डेक कापताना कडेने तीन इंचांची पट्टी सोडली, म्हणजे तोच डेक पुन्हा त्या पट्टीवर बसवता येतो. प्रत्येक स्ट्रिंगरची उंची आणि उतार पातळ प्लायच्या साच्यावर उतरवून घेतला. यानंतरही सगळे स्ट्रिंगर एकदम काढायचे नाहीत, हा आमचा दंडक आहे. एक काढायचा, त्या जागी नवा पक्का बसवायचा आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. याला वेळ जास्त लागतो. परंतु होडीचा आकार हाच तिचा जीव असल्यामुळे या बाबतीत आम्ही घाई मान्य करत नाही.

कुजलेले लाकूड निघाल्यावर तळाचे जुने फायबर ३६ नंबरच्या डिस्कने घासून कोरे करावे लागते. जुन्या फायबरमधले पॉलिएस्टर रेझिन पूर्ण वाळलेले असते, त्यामुळे नवा थर त्याच्याशी रसायनाने एकजीव होत नाही, तो केवळ खरखरीत पृष्ठभागाची पकड घेतो. पॉलिएस्टरच्या मानाने इपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनची पकड जुन्या फायबरवर आणि लाकडावरही बरीच चांगली बसते, म्हणून स्ट्रिंगरसाठी आम्ही आता इपॉक्सीच वापरतो. खर्च वाढतो, हे मालकांना आधीच सांगतो. इपॉक्सीबरोबर साधी चॉप्ड मॅट मात्र चालत नाही, कारण मॅटचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकात विरघळतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसते. मॅट ताठच राहते व आत हवा अडकते. त्यासाठी शिवलेले, दोन दिशांच्या तंतूंचे बायअ‍ॅक्सिअल कापड लागते. लाकूड म्हणून आयएस ७१० प्रतीचे मरीन प्लाय घेतो, त्याच्या सर्व कडांना आधी रेझिन पाजतो, आणि तळाशी ते टेकवताना खाली घट्ट पुट्टीची गादी देतो, जेणेकरून प्लायची धार फायबरवर एका रेषेत दाबली जाणार नाही. त्या होडीच्या तळाला बाहेरून जेलकोटमध्ये (फायबरवरच्या चकचकीत बाह्य थरात) ज्या बारीक समांतर चिरा दिसत होत्या, त्या बरोबर जुन्या स्ट्रिंगरच्या खाली होत्या, कारण तिथे अशी गादी दिलेलीच नव्हती. कोपऱ्यात पुट्टीची गोलाई फिरवल्यानंतर कापडाचे थर चढतात आणि प्रत्येक थर आधीच्यापेक्षा साधारण दीड-दोन इंच अधिक पसरतो. पाणी वाहून जाण्याच्या भोकांत फायबरच्या नळ्या पक्क्या बसवतो. स्क्रूची जागा आधी मोठी कोरून, रेझिनने भरून, मग त्या भरावातच स्क्रूचे भोक पाडतो.

बाहेरच्या बाजूला, वाळूवर ओढून ओढून मागचा तळ झिजला होता आणि हाताच्या पंज्याएवढ्या जागेत थर सुटले होते. एवढ्याशा जागेसाठी आम्ही फायबर कितीतरी लांबपर्यंत घासत गेलो, तेव्हा मालक धास्तावले. पण जोडाचा उतार जाडीच्या बारापट ठेवावा लागतो. ८ मिलिमीटर जाडीला सर्व बाजूंनी जवळजवळ १० सेंटिमीटर. उभ्या कडेला कडा भिडवून बसवलेले ठिगळ लवचीक तळावर तग धरत नाही. उतारावर सर्वांत मोठा तुकडा आम्ही प्रथम बसवतो, म्हणजे जुन्या फायबरला एकच सलग थर भिडतो आणि शेवटच्या घासाईत तो कापला जात नाही.

आमच्या व्यवसायातली सर्वांत मोठी अडचण पंचांगातली आहे. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते आणि पर्यटकांच्या होड्या मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद राहतात. म्हणजे होड्या हाती लागतात त्या भर पावसात, जेव्हा हवा पाण्याने जड असते आणि रेझिनला नेमकी कोरडी हवा हवी असते. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट पापुद्रा येतो. तो पाण्याने धुऊन घासल्याशिवाय वरचा थर किंवा रंग धरत नाही. उघड्यावर ताडपत्रीखाली काम करण्याची पूर्वापार पद्धत आम्ही याच कारणाने सोडली. कर्ज काढून चारी बाजूंनी बंद शेड बांधली, आत हवा कोरडी करणारी यंत्रे बसवली, कापडाचे तागे जमिनीपासून वर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू लागलो आणि कामाला हात लावण्याआधी भिंतीवरचे आर्द्रतेचे मीटर पाहण्याची सवय सर्वांना लावली. काटा ८० टक्क्यांच्या वर असेल तर लाकूडकाम आणि घासाई चालते, रेझिनचा डबा उघडत नाही.

शेडमधल्या मुलांबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. काचेची धूळ अंगाला झोंबते, स्टायरीनची वाफ डोक्यात जाते, आणि तोंडाला रुमाल बांधून हे काम करणारी माणसे मी लहानपणापासून पाहिली आहेत. आमच्याकडे फिल्टरचे मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि घासाईच्या जागी धूळ ओढणारे यंत्र हे कामाचाच भाग आहे. पॉलिएस्टरसाठी लागणारा हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन वाळण्याचा वेग वाढवणारे रसायन) वेगवेगळ्या कपाटांत, वेगवेगळ्या मापांसह राहतात, कारण ही दोन रसायने थेट एकमेकांत मिसळली तर भडका उडू शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा आणि हार्डनर त्यानंतर, हे नव्या मुलाकडून आम्ही पहिल्याच दिवशी पाठ करून घेतो. त्यांच्यातले काही जण लाकडी होड्या बांधणाऱ्या घरांतले आहेत. त्यांच्या नजरेला बाक आणि पातळी उपजत कळते, आणि हे कौशल्य आजही रेझिनच्या कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा मोलाचे आहे, असे माझे ठाम मत आहे.

सध्या आम्ही प्रत्येक होडीची एक वही ठेवतो. कोणत्या जागी काय सापडले, कोणते कापड किती थर दिले, कुठे भोके घेऊन बुजवली, हे फोटोंसह लिहून त्याची प्रत मालकाला देतो. प्रवासी होड्यांच्या मालकांना सर्वेक्षणाच्या वेळी ती उपयोगी पडते. ज्या होडीचा तळच सर्वत्र सुटलेला आहे, ती आम्ही दुरुस्तीला घेत नाही आणि कारण लेखी देतो. पुढच्या बंदीच्या आत शेडची लांबी वाढवायची आहे, म्हणजे ४० फुटांपर्यंतच्या मच्छीमार होड्याही छपराखाली येतील. त्यासाठी लागणाऱ्या रुळांचे आणि ओढयंत्राचे काम या महिन्यात सुरू झाले आहे.