गाडीचा हॉर्न आणि मंगळयान

आज संध्याकाळी रेल्वे लाईन्सला ताईच्या गच्चीवर भाचीनं विचारलं, "मामा, मंगळाजवळचं यान नेमकं कुठंय, हे इथून कसं कळतं?" तेवढ्यात गाडी हॉर्न देत गेली. जवळ येताना आवाजाची पट्टी चढी, पुढं गेल्यावर उतरलेली.

म्हटलं, हेच बघ! यानाच्या रेडिओ लहरी अशाच बदलतात, त्यावरून वेग कळतो. संदेश जाऊन परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर. बेंगळुरूजवळ ब्यालालूला ३२ मीटरची अँटेना आहे. रोज मोजायचं आणि गणितातला मार्ग जुळेपर्यंत दुरुस्त करायचा. सूर्यप्रकाशाचा इवलासा दाबसुद्धा हिशेबात धरतात! २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं, तेव्हा त्याचा संदेश पोचायला साडेबारा मिनिटं लागत होती.

पोरगी अंधार पडेस्तोवर कठड्याला धरून पुढच्या गाडीची वाट बघत उभी होती.