पाण्यावर तरंगलेला तुकडा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी बावीस वर्षं फिनिशिंग बघतोय. बाहेरच्या माणसाला वाटतं, माग चालला की टॉवेल झाला. तो अर्धाच होतो. टॉवेलला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (गुंडाळलेले रूळ) लागतात, एक ग्राउंडचा म्हणजे पायाच्या विणीचा आणि एक पाइलचा म्हणजे वरच्या फाशांचा. बाण्याचे, म्हणजे आडवे, दोन धागे मागाची फणी अर्धवट ठोकते, तिसऱ्याबरोबर तिन्ही पुरते आत नेते. त्या धक्क्याने पाइलचा सैल ताणा वर उठतो आणि त्याचे फासे होतात. मागावर धागा तुटू नये म्हणून ताण्याला खळ दिलेली असते. ती काढायची, मग ब्लीच, धुणं, सॉफ्टनर, सुकवणं, हे सगळं माझ्याकडे. माल हातात घेतल्याबरोबर गिऱ्हाइकाचा चेहरा खुलला पाहिजे, हे मी माझं काम समजत आलो. वजन, मऊपणा, झळाळी या तिन्हींत माझा हात धरणारा आसपास कुणी नाही, असं मला मनापासून वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात जपानच्या एका खरेदीदाराकडून तपासनीस बाई आल्या. वय पन्नाशीच्या पुढं, सोबत पुण्यात जपानी शिकलेला दुभाषा पोरगा. बाई इमाबारीच्या. शिकोकू बेटावरचं हे गाव जपानमध्ये टॉवेलसाठी तसंच प्रसिद्ध आहे, जसं आपल्याकडं सोलापूर. सोलापुरी चादरीला आणि टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, हे मी त्यांना पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. त्यांनी मान लववून ते वहीत लिहून घेतलं.

वजन झालं, मापं झाली, शिलाई बघितली. मग बाईंनी पिशवीतून छोटी कात्री काढली आणि काचेचा ग्लास मागितला. आधी मंजूर झालेल्या सॅम्पलमधून नखाएवढा चौकोन कापला आणि अलगद पाण्यावर सोडला. एक, दोन, तीन. तुकडा भिजला, कलंडला आणि खाली गेला. इमाबारीत हीच कसोटी आहे, तुकडा पाच सेकंदांत बुडला पाहिजे. मग त्यांनी खोक्यातल्या मालातला टॉवेल घेतला.

तो तुकडा तरंगला. दहा झाले, वीस झाले. कडेला पाण्याचे बारीक मणी धरून तो तसाच पडून होता, कमळाच्या पानासारखा. चाळीसला बाईंनी मोजणं थांबवलं. दुभाषा पोरगा माझ्याकडं बघत होता आणि मी ग्लासाकडं.

कारण मला माहीत होतं. सॅम्पल मी स्वतः तीन वेळा धुतलं होतं आणि त्याला सॉफ्टनर दिलंच नव्हतं. मर्चंडायझरनं, म्हणजे ऑर्डर सांभाळणाऱ्यानं, सांगितलं होतं, "जपानला जायचंय, जरा पाणी पिणारं करा." सगळीकडं असंच चालतं, सॅम्पल वेगळं आणि माल वेगळा. मालाला मात्र मी नेहमीचं सिलिकॉनचं सॉफ्टनर भरपूर दिलं होतं. त्यानं टॉवेल लोण्यासारखा लागतो, पण धाग्यावर थर बसतो आणि पाणी आत शिरत नाही. हे मला बावीस वर्षं ठाऊक आहे. त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "इथलं पाणी बघू का?"

मी त्यांना मागच्या बाजूला नेलं. आमच्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तेही शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून. कारखाना बोअर आणि टँकरवर चालतो. बाईंनी बादलीच्या कडेचा पांढरा क्षार नखानं खरवडला. हातावर साबण घासून बघितला, फेस झालाच नाही, नुसता चोथा झाला. असल्या पाण्यात धुतलेलं सूत कडकच होणार आणि मग ते मऊ दिसावं म्हणून मी सॉफ्टनर ओतणार. त्यांच्या गावी डोंगरातून येणारं पाणी मऊ आहे, त्यामुळं सूत मुळात मोकळं राहतं, असं त्यांनी सांगितलं. त्यात बढाई नव्हती. उलट म्हणाल्या, "असल्या पाण्यात तुम्ही हे विणता?" गेल्या कित्येक वर्षांत आमच्याकडं आलेल्या एकाही साहेबानं पाण्याचा विषय काढलेला नाही. सगळे वातानुकूलित खोलीत बसून रेट पाडतात.

परत येताना घडी-पॅकिंगच्या बायकांजवळ त्या थांबल्या आणि फरशीवर बसल्याच. चार-चारचे गठ्ठे बघून त्यांनी पाच-पाचचे करायला सांगितलं. त्यांच्याकडं चारचा उच्चार 'शी' आणि मृत्यूचाही 'शी'. हे मराठीत सांगायला मी शब्द शोधत होतो, तोवर त्या बायकांतली अक्का म्हणाली, "आपण एकावन्न देतो की ओ, पन्नास कुठं देतो?" आणि गठ्ठे सोडायला लागली.

मग बाईंनी विचारलं, तुमच्याकडं टॉवेल कोण विकत घेतं? मी सांगितलं, लग्नाच्या आहेरात टॉवेल-टोपी देतात, सत्कारात देतात. त्यांच्याकडंही टॉवेल भेट देतात म्हणे, नव्या घरी राहायला गेलं की शेजाऱ्यांना. "मग तुमच्याकडं तो अंग पुसायला कधी काढतात?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आहेराचा टॉवेल या लग्नातून त्या लग्नात जातो, प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच येत नाही. अक्कानं मात्र उत्तर दिलं. तिचं घर तेलुगू, बोलणं सोलापुरी. म्हणाली, "नवा टावेल तीन पाण्यातनं काढल्याबिगर आम्ही लेकराला लावत न्हाई. पाणी पीतच न्हाई की त्यो." पोरानं ते जपानीत सांगितलं. बाई हसल्या, अक्काकडं वाकून त्यांनी ते वहीत लिहिलं, आणि माझ्याकडं बघितलं.

मी चार भाषांच्या गावात वाढलो. मागावर तेलुगू, डाइंगला कन्नड, पॅकिंगला मराठी आणि दखनी. वेगवेगळी माणसं आपल्याला कळतात, असा माझा समज होता. पण अक्का सोळा वर्षं माझ्यासमोर बसून घड्या घालतेय आणि आमचा टॉवेल घरी कसा वापरतेस, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. त्यासाठी इमाबारीहून बाई याव्या लागल्या.

माल थांबला. सगळा परत धुतला, सॉफ्टनर उतरवलं. टॉवेल दोन्ही बाजूंनी आटले, निम्मे मापात बसले नाहीत. मालकांचं नुकसान झालं. मॅनेजर अजून म्हणतात, "जपानी लोक फार किचकट." मला ते पटत नाही. जाताना बाईंनी बुडालेला आणि तरंगलेला असे दोन्ही तुकडे एका पाकिटात घातले आणि वर तारीख लिहिली. सॅम्पल धुतलेलं होतं, हे त्यांनी ओळखलं असणारच. एका शब्दानंही त्या बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. ते तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, हे मला अजून टोचतं.

आता एक्स्पोर्टच्या मालाला मी सॉफ्टनर जवळजवळ देत नाही आणि प्रत्येक लॉटचा तुकडा ग्लासात टाकून बघतो. तोच माल मी हौसेनं चाटी गल्लीतल्या एका जुन्या व्यापाऱ्याला दाखवला. त्यांनी हात फिरवला आणि घडी माझ्याकडं सरकवली. "खरखरीत लागतोय." मी त्यांच्याच दुकानातून ग्लासभर पाणी मागवलं, तुकडा सोडला, तो बुडाला. ते शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण लग्नात गिलास घेऊन कोण बसतंय?"

गल्ल्याशेजारी त्यांचा स्वतःचा पंचा टांगलेला होता, धुऊन धुऊन विरलेला. मी त्याच्या निघालेल्या दशीचा एक धागा तोडून त्याच ग्लासात टाकला. त्यांनी मान पुढं करून बघितलं. मग गल्ल्यावरच्या पोराला हाक मारली, "ह्यांचे दोन टॉवेल ठेवून घे रे, घरी न्यायचेत."