नार्डरमेरच्या काठाने
आज दिवसभर नेदरलँड्समधल्या नार्डरमेर या तळ्याभोवती चालले. अ‍ॅमस्टरडॅम इतकं जवळ, तरी आत शिरलं की नुसतं पाणी, उंच बोरूचं रान आणि पायाखाली दबणारी काळी ओली माती. एकदा बूट घोट्यापर्यंत रुतला, उपसताना कुजल्या पानांचा दाट वास आला. समोर वाळक्या फांदीवर पाणकावळा पंख पसरून बसलेला, थेट आपल्या उजनीसारखा!

१९०४ मध्ये याच तळ्यात अ‍ॅमस्टरडॅमचा कचरा टाकायचं घाटत होतं. निसर्गअभ्यासक याक थाइसे आणि मंडळींनी १९०५ मध्ये निसर्ग जपणारी संस्था काढली आणि १९०६ मध्ये तळंच विकत घेतलं. केवढे उपकार त्या माणसांचे! मधूनच रेल्वेचे रूळ जातात. गाडी धडधडत गेली, पाणकावळा जागचा हललासुद्धा नाही.